जावसईच्या वाटेवरची टिपणं

अंबरनाथला रेल्वे ज्या बाजूला पश्चिम म्हणते, तिकडे सूर्य उगवतो. कल्याणहून निघालेले रूळ आग्नेयेला वळतात, आणि त्यामुळे शिवमंदिर स्टेशनच्या मावळतीला असूनही 'अंबरनाथ पूर्व'मध्ये मोडतं. उल्हास नदी, ऑर्डनन्स फॅक्टरी, कोहोजगाव, आगपेट्यांच्या कारखान्यामुळे नाव पडलेला विम्को नाका, जावसई ही उगवतीची सारी बाजू 'पश्चिम'. रोजच्या जगण्यात याने काही अडत नाही. फुलपाखरं मोजायला निघालं की अडतं, कारण कुठल्या उतारावर ऊन आधी येणार हे आधी ठाऊक असावं लागतं. आज बरोबर असलेल्या मुलांना सगळ्यात आधी हेच सांगितलं: पाट्या विसरा, सावली कुठे पडते ते बघा.

*

सप्टेंबर. रात्री सर येऊन गेली, सकाळी उघडीप. यापेक्षा चांगला दिवस मिळत नाही.

२०२० पासून देशभर सप्टेंबर हा 'बिग बटरफ्लाय मंथ' म्हणून साजरा होतो. महिना नेमका निवडलाय. कृष्णमेघ कुंटे यांनी पुण्याच्या आसपास केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्याकडची बरीच फुलपाखरं पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि थंडीच्या सुरुवातीला भरात असतात, असं नोंदींवरून दाखवलेलं आहे. पावसाने पालवी फुटते, अळ्यांना कोवळं खायला मिळतं, आणि दोन-तीन पिढ्या झरझर होऊन जातात. भाद्रपदात त्याचं फळ दिसतं.

*

मोजणीची रीत

वाट ठरलेली. चाल ठरलेली, देवळाला प्रदक्षिणा घालताना असते तेवढीच. डावीकडे अडीच मीटर, उजवीकडे अडीच मीटर, समोर पाच मीटर, वर पाच मीटर. या चौकोनात जे येईल तेवढंच लिहायचं. पलीकडच्या झाडावर कितीही देखणं काही बसलेलं असलं तरी ते मोजणीत नाही. त्याची नोंद वहीच्या मागच्या पानावर, वेगळी.

ही रीत अर्नेस्ट पोलार्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बसवली आणि १९७६ पासून ब्रिटनमध्ये तिच्यावर राष्ट्रीय मोजणी उभी राहिली. तिथे फुलपाखरांच्या जाती जेमतेम साठ. भारतात तेराशेच्या वर, एकट्या पश्चिम घाटात सव्वातीनशेच्या वर. त्यांच्याकडे मात्र एकाच वाटेवरून आठवड्यामागून आठवडे चालत केलेल्या दशकांच्या नोंदी आहेत. म्हणून कुठली जात कधी कमी व्हायला लागली हे ते वर्षासकट सांगू शकतात. आपल्याकडे फोटो भरपूर आहेत. एकाच वाटेवरच्या सलग नोंदी फार थोड्या. अंबरनाथसारख्या गावात, जिथे दर दोन पावसाळ्यांनी वाटेचं रूप पालटतं, तिथे अशी वही असणं मला निकडीचं वाटतं.

*

साडेआठ. अजून सगळी बसलेली. उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही. लेमन पॅन्सी पायवाटेवरच्या दगडावर पंख सपाट पसरून, सूर्याकडे पाठ करून. ब्लू पॅन्सीचा नर तिच्यापासून हातभर लांब. फोटो काढायला शिकायचं असेल तर ही वेळ. नऊनंतर कुणी हाती लागत नाही.

फॅक्टरीच्या भिंतीच्या बाजूला कॅमेरा पिशवीतच ठेवायचा, हेही मुलांना सांगून ठेवलं. संरक्षण खात्याची हद्द आहे. त्या हद्दीमुळेच आतली जुनी झाडं टिकली आहेत आणि भिंतीवरून इकडे येणाऱ्या कॉमन क्रोंची रांग पाहिली की त्याचा अर्थ कळतो.

*

टाकळा

आजचा सगळ्यात जास्त वेळ टाकळ्यापाशी गेला, आणि गेला ते बरंच झालं.

आषाढात स्टेशनबाहेर आदिवासी पाड्यांवरच्या बाया टाकळ्याच्या कोवळ्या जुड्या घेऊन बसतात. लसूण-मिरचीची फोडणी आणि वरून खोबरं घातलेली ती भाजी वर्षातून दोन-चार वेळा होते, मग आपण टाकळा विसरतो. तो मात्र वाढतच असतो. आता तो कमरेएवढा झालाय, पिवळी फुलं आलीत, बारीक वाकड्या शेंगा लोंबायला लागल्यात. रिकामे प्लॉट, रस्त्याच्या कडा, पडीक बांध, सगळीकडे तोच.

एका झुडपाशी मॉटल्ड एमिग्रंटची मादी आली. फिकट हिरवट पांढरी, पंखांच्या खालच्या बाजूला बारीक रेघांचा शिडकावा. ती मधासाठी आलेली नव्हती, कारण फुलांकडे तिने पाहिलंही नाही. एका पानावर टेकली, पुढच्या पायांनी पानावर भराभर टपटप केलं आणि उडाली. दुसऱ्या पानावर तेच. फुलपाखराला चव पायाने कळते. हे पान आपल्या अळीला चालेल की नाही, हे ती असं ठरवते. चौथ्या-पाचव्या झुडपावर तिचं समाधान झालं. पोटाचं टोक वाकवून तिने कोवळ्या पानावर एकच अंडं चिकटवलं आणि लगेच निघाली. पूर्ण कृतीला श्वास घेण्याइतका वेळ.

अंडं भिंगातून पाहिलं. पांढरं, लांबुळकं, पानावर उभं. अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या कडा. तांदळाच्या कणीहूनही बारीक वस्तू, पण कडा न् कडा मोजता येते. मुलं एकेक करून भिंगाला डोळा लावत होती आणि कुणालाच बाजूला व्हायचं नव्हतं.

मग त्यांना तिथेच अळ्या शोधायला लावल्या. हिरव्या पानाच्या मधल्या शिरेवर हिरवी अळी, बाजूने फिकट रेघ. पहिली सापडायला वेळ लागला. एकदा नजर बसल्यावर त्या सगळीकडे दिसू लागल्या. कॉमन ग्रास यलोचीही अळी याच झाडावर. एका टाकळ्यावर एवढी वस्ती.

वाटेच्या वळणावर एक आजी कंटोली भरलेली टोपली उतरवून बसल्या होत्या. आम्ही काय बघतोय ते त्यांनी थोडा वेळ पाहिलं. "भाजीला टाकळा नका नेऊ बाई," त्या म्हणाल्या, "आता तो राठ झाला. आता तो अळ्यांचाच."

हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. आमच्या सर्वेक्षणाच्या सूचनांमध्ये इतक्या थोडक्यात हे कुणी सांगितलेलं नाही.

*

याच टाकळ्याची एक पट्टी आमच्या सोसायटीच्या कुंपणाबाहेर होती. गणपतीच्या आधी 'स्वच्छता' म्हणून साफ कापली गेली. कापणाऱ्यांनी सांगितलेलं काम केलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण कापायचं ठरलं तो आठवडा नेमका अळ्यांचा होता. हीच पट्टी दिवाळीनंतर कापली असती तर तोपर्यंत शेंगा वाळल्या असत्या, अळ्यांची फुलपाखरं झाली असती, आणि पुढच्या आषाढासाठी बीही पडलं असतं. पैसे तेवढेच, मजूर तेच, फक्त तारीख वेगळी. शहरातली फुलपाखरं टिकवण्यासाठी दर वेळी मोठी योजना लागते असं मला वाटत नाही. कॅलेंडर लागतं.

*

रुईवर प्लेन टायगरची अळी. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, कुणापासून लपण्याची गरजच नाही अशी उघड्यावर. रुईच्या चिकातलं विष अंगात साठवलेलं, म्हणून पक्षी नाद करत नाहीत.

तिथूनच थोड्या अंतरावर डॅनेड एगफ्लायची मादी. रंग, पांढरे ठिपके, उडण्याचा संथपणा, सगळं प्लेन टायगरसारखं. विष मात्र अजिबात नाही. तिचा नर इतका वेगळा दिसतो (काळा, पंखांवर निळसर कडेचे पांढरे टपोरे ठिपके) की या दोघांची एक जात आहे हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या रचनेत हे फुलपाखरू पहिल्या अनुसूचीत होतं, वाघाच्या बरोबरीने. त्याची अळी घोळाच्या भाजीवर वाढते, फुटपाथच्या फटीत उगवते त्या घोळावर.

*

"काकू, हे कॉमन रोझ." आठवीतली मुलगी, माझ्या शेजारची. वही तिच्याकडे.

"पोट बघितलंस?"

ती पुढे सरकली. घाणेरीच्या फुलांवर पंख थरथरवत ते मध पीत होतं. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरे डाग, कडेला लाल चंद्रकोरी.

"पोट काळं आहे."

"मग?"

"मग कॉमन मॉरमॉनची मादी!" आणि तिने 'रोझ' खोडलं.

कॉमन रोझचं अंग लाल असतं, ते या मादीला जमत नाही. बाकी नक्कल इतकी हुबेहूब की पक्षी फसतात. रोझची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते आणि वेलीतलं विष फुलपाखरात उतरतं. मॉरमॉनची अळी लिंबू आणि कढीपत्ता खाते, तिच्यात काही नाही. शिवाय मॉरमॉनच्या सगळ्या माद्या रोझसारख्या नसतात. काही क्रिमझन रोझसारख्या दिसतात, काही साध्या आपल्या नरासारख्या. एकाच आईच्या पोटी वेगवेगळ्या वेषातल्या मुली कशा, हे कोडं जुनं होतं. २०१४ मध्ये कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की हा सगळा कारभार 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकाकडे आहे. ज्या जनुकाने नर की मादी हे ठरतं, त्यानेच वेषही ठरतो.

मुलीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या खिडकीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी आहे. आई रोज पुसायचं म्हणते."

"पुसू नका."

दुपारी परतताना तिच्या घरी जाऊन पाहिलं. शीट नव्हतीच. तपकिरी-काळी, मध्ये पांढरा डाग असलेली, ओलसर चमकणारी अळी. कॉमन मॉरमॉनच. अजून एक-दोन वेळा कात टाकली की ती हिरवी होईल. काडीने हळूच मानेमागे स्पर्श केला तर डोक्याच्या वर लालसर दुहेरी शिंग बाहेर आलं आणि कुजक्या लिंबासारखा तिखट वास सुटला. मुलीची आई मागे सरकली, मग पुन्हा पुढे आली. "म्हणजे ही पानं खाऊन जाणार सगळी?" तिने विचारलं. सगळी नाही, पण बरीच. आठ-दहा दिवस फोडणीला कढीपत्ता बाजारातून आणावा लागेल. तिने ते कबूल केलं आणि औषध मारणार नाही असंही म्हणाली. आजच्या दिवसाची मोठी कमाई कुठली असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

*

जावसई गावातलं आंब्याचं झाड. घरमालक काकांनी अंगणात येऊ दिलं आणि चहाही दिला.

खालच्या फांदीवरचं एक पान मी मुलांपुढे धरलं आणि यावर काय आहे ते सांगा म्हटलं. कुणालाच काही दिसलं नाही. पानाची मधली शीर फिकट पिवळसर, दोन्ही बाजूंना उपशिरा. तेवढंच.

मग पान किंचित तिरकं केलं. शीर म्हणून जी दिसत होती तिच्यातला मधला बोटभर भाग अळीच्या पाठीवरची रेघ होती. कॉमन बॅरनची अळी. चपटी, हिरवी, शिरेवर तंतोतंत बसलेली, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे लांब काटे पानाला चिकटवून पसरलेले. त्या काट्यांमुळे तिच्या अंगाची सावली पडत नाही. कुठे अळी संपते आणि कुठे पान सुरू होतं, ते डोळ्याला कळत नाही.

काका म्हणाले, "पन्नास वर्षं हे झाड माझ्या दारात आहे. मला हे कुणी दाखवलं नव्हतं."

नंतर ते स्वतःच पानं उलटीपालटी करायला लागले आणि दुसरी अळी त्यांनी शोधली.

*

ओहोळ. पाणी उतरतंय, कडेला चिखल. एमिग्रंट, लाइम, बारकी ब्लू, सगळी चिखलाला सोंड लावून बसलेली. चिखलपान. जवळपास सगळे नर. चिखलातून क्षार घेतात आणि मीलनाच्या वेळी ते मादीला देतात. अंड्यांना त्याचा उपयोग होतो. गुरं जिथून ओहोळ ओलांडतात तिथे गर्दी जास्त, गोमूत्रामुळे.

*

घाणेरीबद्दल मनात दोन बाजू आहेत. बाहेरून आलेली, रान गिळणारी, जमिनीवर दुसरं काही उगवू न देणारी. आज आम्ही मोजलेल्या फुलपाखरांतली निम्मीशिम्मी मात्र तिच्याच फुलांवर होती. ब्लू टायगर, क्रो, मॉरमॉन, हळदीकुंकू. मध पिणाऱ्याला ती चालते. अळीला मात्र तिचा जवळजवळ काहीच उपयोग नाही, आणि फुलपाखराच्या आयुष्यातला वाढीचा काळ अळीचा असतो. हळदीकुंकूची अळी आंब्यावर चढलेल्या बांडगुळावर वाढते. क्रोची वडावर, कण्हेरीवर. बॅरोनेटची टेंभुर्णीवर. टेल्ड जेची सोसायट्यांच्या दारात उभ्या असलेल्या उंच अशोकावर. म्हणून नुसती रंगीत फुलं लावलेल्या 'फुलपाखरू उद्याना'त फुलपाखरं येतात, पितात आणि जातात, पुढची पिढी तिथे होत नाही.

ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यावर ओवळे गावात राजेंद्र ओवळेकरांनी हे ओळखलं. आपल्या जमिनीवर त्यांनी फुलझाडांबरोबर अळ्यांच्या खाद्यवनस्पती लावल्या. जाळी नाही, काचघर नाही. फुलपाखरं आपणहून आली आणि तिथेच वाढायला लागली. आयझॅक किहिमकरांची फुलपाखरांवरची पुस्तकं घेऊन तिथे एक सकाळ घालवली की माणूस झाडांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. अंबरनाथला अशी जागा व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ती बागेच्या आराखड्यातूनच होईल असं नाही. एखाद्या शाळेच्या मागच्या अंगणात ईश्वरीची वेल, कढीपत्ता, रुई, कृष्णकमळ आणि न कापलेला टाकळा एवढं असलं तरी सुरुवात होईल.

घाणेरी काढायची असेल तर आधी तिथे देशी फुलझाडं रुजवावीत, मग टप्प्याटप्प्याने काढावी. एका दिवसात जेसीबीने नव्हे.

*

माळावर उभं राहिलं की रुळांच्या पलीकडे मलंगगड दिसतो. तिथून इथवरचे सगळे डोंगर जानेवारी ते मार्च या काळात कुठे ना कुठे पेटलेले असतात. मांगरूळला २०१७ च्या पावसाळ्यात लोकांनी हौसेने मोठ्या संख्येने रोपं लावली, आणि पुढच्या वणव्यांत त्यातली बरीच गेली. रोपांची बातमी झाली. गवतातल्या ईव्हनिंग ब्राउन आणि बुशब्राउनच्या अळ्यांची, पानाखाली चिकटलेल्या कोषांची बातमी होत नाही. ती आमच्या वहीत व्हायला हवी. वणव्याआधीची आणि नंतरची, एकाच वाटेवरची.

डिसेंबरात जाळरेषा काढल्या तर आग एका उताराच्या पुढे जात नाही. वनखात्याला हे काम माहीत आहे, पाड्यावरच्या माणसांनाही. दोघांच्या बरोबरीने शहरातले पंधरा-वीस जण दोन रविवार कोयता घेऊन उभे राहिले तरी फरक पडेल. यंदा आमच्या गटाने जायचं ठरवलंय.

*

बाराच्या सुमारास ढग आले, उडणं थांबलं. मोजणी बंद.

झाडाखाली बसून यादी जुळवली. मुलांना एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं: नीलवंत दिसलं नाही. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला तेच, काळ्या पंखांवर निळाई असलेलं, तळहाताएवढं. त्याच्या जागी यादीत भरपूर ग्रास यलो, भरपूर एमिग्रंट, आणि पायाखाली उडणाऱ्या ग्रास ब्लू.

या बारक्या ब्लूंपाशी आम्ही फार वेळ घेतला. टायनी आणि लेसर यांतला फरक पंखांच्या खालच्या बाजूच्या कडेवरच्या एका ठिपक्यावर ठरतो. फोटोत तो ठिपका नीट दिसत नसेल तर 'ग्रास ब्लू, जात अनिश्चित' असंच लिहायचं. अंदाजाने नाव लिहिलेली नोंद उद्या कुणीतरी खरी मानून वापरतं. 'नीलवंत: शून्य' हेही लिहायला लावलं. मोजणीत शून्यालाही जागा असते, कारण पुढच्या वर्षी ते दिसलं तर ते नव्याने आलं की पूर्वीही होतं, हे त्या शून्यामुळेच कळेल.

आणि ग्रास यलो भरपूर आहेत म्हणून मोजायचा कंटाळा करू नये. एखादी गोष्ट भरपूर होती हे सिद्ध करायला ती भरपूर असतानाच मोजलेली असावी लागते. आमच्या लहानपणी अमुक पाखरं खूप होती, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आकडा कुणाकडे नसतो.

*

ऑक्टोबरच्या फेरीसाठी:

टेंभुर्णीची पानं उलटून बॅरोनेटच्या अळ्या पाहायच्या.

खुळखुळ्याच्या सुकत्या फांद्यांवर ब्लू टायगरचे नर जमतात. तिथून मादीला ओढणाऱ्या गंधाचा कच्चा माल त्यांना मिळतो. माळाच्या वरच्या टोकाला खुळखुळा आहे, तिथवर वाट वाढवायची.

ईव्हनिंग ब्राउनच्या पंखांवरचे डोळे पुसट व्हायला लागलेत का, ते बघायचं. पावसाळी पिढीला ते ठसठशीत असतात, कोरड्या दिवसांतली पिढी वाळक्या पानासारखी होते. बदल कुठल्या आठवड्यात सुरू होतो ते लिहायचं.

जावसईच्या काकांना भिंग द्यायचं, त्यांनी मागितलंय.

सोसायटीच्या सभेत कुंपणाबाहेरच्या पट्टीचा विषय घ्यायचा: पुढच्या वर्षी कापणी दिवाळीनंतर. अर्ज मराठीत, एका पानाचा, सोबत टाकळ्यावरच्या अंड्याचा फोटो.